कोल्हापूरचे तीन दिवस: तारीख गाण्यावरून ठरवा

गेल्या कार्तिकात माझी मावसबहीण नागपूरहून आली, सोबत तिची लेक. ताईच्या हातात यादी होती: अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, रंकाळा, चप्पल, साज, तांबडा-पांढरा. सगळं दीड दिवसात उरकायचं होतं. लेक गाणं शिकते. जेवताना तिनं सहज विचारलं, "मावशी, जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब इथंच राहायचे ना? मग त्यांचं काय बघायचं?" आमच्या मंगळवार पेठेतून खाँसाहेबांच्या पुतळ्यापर्यंत चालत जाता येतं, आणि यादीत तो नव्हता. त्या रात्री आम्ही यादी बाजूला ठेवली आणि तीन दिवसांचा बेत नव्यानं आखला. तो इतका जमला की नंतर आलेल्या सगळ्या पाहुण्यांना मी तोच देते. आता सविस्तर लिहून काढते आहे.

बेताचं सूत्र एवढंच: आधी गाणं ठरवा, मग दर्शन, मग खरेदी. गाण्याची वेळ आपल्या हातात नसते. बाकी सगळं तिच्याभोवती बसवता येतं.

आधी महिना, मग वार

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. गुऱ्हाळं चालू असतात, संध्याकाळी चालायला हवा छान असते, मैफली आणि कुस्त्यांची मैदानं याच दिवसांत जास्त होतात. शिवाय अंबाबाईचा किरणोत्सव दोनदा येतो, नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि आकाश स्वच्छ असेल तर पायांपासून मुखापर्यंत चढत जातात. या तारखांना गर्दी फार असते, तरी आयुष्यात एकदा बघावं असं ते आहे.

जुलै-ऑगस्ट टाळा. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच बंद पडला होता. दर वर्षी तसं होत नाही, पण सुट्टीचं आरक्षण करून नदीच्या पातळीवर डोळा ठेवत बसायला नको. पावसात कोल्हापुरी चप्पलही घालता येत नाही. नवरात्रात देवीसाठी या, जरूर या, पण त्या नऊ दिवसांत बाकीच्या बेताची अपेक्षा ठेवू नका.

वार म्हणाल तर गुरुवार, शुक्रवार, शनिवार. शुक्रवारी रात्री देवळात पालखी निघते. शनिवारी परतीच्या वाटेवर मिरज करायचं आणि रविवारी घरी पाय पसरायचे. टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय सोमवारी बंद असतं, तोही प्रश्न मिटतो.

तारीख पक्की करण्याआधी एक काम करा. गायन समाज देवल क्लब आणि दसरा चौकातलं राजर्षी शाहू स्मारक भवन, या दोन ठिकाणी त्या आठवड्यात काय आहे याची चौकशी करा. शनिवारी मैफल असेल तर सगळा बेत एक दिवस पुढं सरकवा, संकोच करू नका. आल्यावर रोज सकाळी स्थानिक दैनिकाचं आतलं पान उघडा. शहरातल्या कार्यक्रमांची छोटी चौकट असते. भजनी मंडळापासून शास्त्रीय गायनापर्यंत सगळं तिथं कळतं, आणि बऱ्याच कार्यक्रमांना तिकीटही नसतं.

येणं आणि उतरणं

मुंबईहून रात्री निघणारी महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी कोल्हापुरात सोडते. पुण्याहून साधारण सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर अंतर, एसटी भरपूर. स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक जवळजवळ आहेत, तिथून देऊळ दोन-अडीच किलोमीटरवर.

स्टेशनजवळ हॉटेलं खूप आहेत आणि बहुतेक लोक तिथंच उतरतात. मी म्हणेन की देवळाच्या अंगानं, महाद्वार रोड, भवानी मंडप किंवा खासबागच्या आसपास खोली बघा. खोली लहान मिळेल, गाडी लावायला त्रास होईल. पण देऊळ, गुजरी म्हणजे सराफ बाजार, चप्पल लाइन, खासबाग मैदान, नाट्यगृह आणि देवल क्लब ही सगळी ठिकाणं एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. दुपारी पिशव्या टाकून तासभर पडता येतं आणि रात्री मैफल सुटल्यावर रिक्षा शोधावी लागत नाही. सोबत वयस्कर माणूस असेल तर हे फार महत्त्वाचं.

गुरुवार: गाण्याची पेठ

सकाळी मिसळ खा. पुण्याची मिसळ डोक्यात ठेवून येऊ नका. इथं कटाला मान आहे आणि सोबत पाव म्हणजे ब्रेडच्या स्लाइस. तिखट झेपत नसेल तर आधीच 'कट कमी' म्हणून सांगा.

मग थेट खासबाग. १९०२ साली शाहू महाराज युरोपला गेले, तिथं रोमचं प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिलं, आणि परतल्यावर तसंच गोल, उतरत्या बैठकीचं मैदान कुस्तीसाठी बांधवलं. १९१२ मध्ये ते पुरं झालं. मधोमध उंचावर आखाडा, त्यामुळं कुठूनही बसलं तरी कुस्ती दिसते. मैदान रिकामं असतानाही वरच्या कडेला दोन मिनिटं बसा. आणि कुस्त्या असतील तर कान उघडे ठेवून बसा. हलगी, घुमकं आणि कैताळ यांचा ठेका पैलवान मैदानात उतरताना जो चढतो, तेही कोल्हापूरचं संगीतच आहे. माझ्या भाचीनं तो ठेका मोबाइलवर टिपून घेतला आणि नागपूरला तिच्या तबल्याच्या सरांना ऐकवला.

मैदानाला पाठ लावून उभं आहे केशवराव भोसले नाट्यगृह. १९१३ मध्ये पायाभरणी आणि १९१५ मध्ये खुलं झालेलं हे शाहू महाराजांचं पॅलेस थिएटर. पुढं त्याला केशवरावांचं नाव मिळालं. केशवराव कोल्हापूरचेच, जन्म १८९०. लहानपणापासून रंगभूमीवर, १९०८ मध्ये ललितकलादर्श या नाटक मंडळीची स्थापना आणि १९२१ मध्ये अवघ्या एकतिसाव्या वर्षी मृत्यू. त्याच वर्षी जुलैत मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ते आणि बालगंधर्व एकाच नाटकात एकत्र उभे राहिले होते. मराठी संगीत नाटकाचा तो सगळ्यात मोठा दिवस म्हणतात.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आम्ही पेठेतली माणसं रस्त्यावर उभी होतो, कुणी बोलत नव्हतं. ज्या रंगमंचावर आमच्या शाळेची गॅदरिंगं झाली, तो डोळ्यांसमोर जळाला. तुम्ही याल तेव्हा आत जाता येतं का ते तिथं विचारा. जाता आलं नाही तरी बाहेरून बघून या, मैदान आणि नाट्यगृह पाठीला पाठ लावून बांधण्यामागची कल्पना बाहेरूनही समजते.

इथून जवळच देवल क्लब. १८८३ पासूनची ही संस्था, त्या काळातला असा मोठा गवई विरळाच की जो इथं गायला नाही. याच परिसरात अल्लादियाखाँसाहेबांचा पुतळा आहे. खाँसाहेब (१८५५–१९४६) शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. १९२२ मध्ये महाराज गेले, त्यानंतर ते मुंबईला स्थिरावले. पण जयपूर-अत्रौली गायकी म्हणून आज जी ओळखली जाते, ती या गावात वाढली. त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँ कोल्हापुरात राहिले आणि मल्लिकार्जुन मन्सूर, धोंडूताई कुलकर्णी यांच्यासारख्यांनी त्यांच्याकडं तालीम घेतली. गोविंदराव टेंबे आणि निवृत्तीबुवा सरनाईकही याच मातीतले. पुतळ्यासमोर फोटो काढायला पाच मिनिटं पुरतात. तसं करू नका. आदल्या रात्री या घराण्याचं एखादं जुनं ध्वनिमुद्रण ऐकून या आणि इथं कट्ट्यावर बसून इयरफोन लावून पुन्हा ऐका. भाचीनं ऐकलं, तेव्हा ताईनंही एक कान मागितला.

दुपारी विश्रांती. साडेचार-पाचला सिनेमाची वाट धरा. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, बाबूराव पेंटरांची आठवण म्हणून. त्यांनी कॅमेरा इथंच बनवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी इथं उभी केली. १ जून १९२९ ला प्रभात कंपनी निघाली तीही कोल्हापुरात. ती १९३३ मध्ये पुण्याला गेली, पण मराठीतला पहिला बोलपट १९३२ साली आला तो तिच्या कोल्हापूरच्या दिवसांतला, आणि त्याचं संगीत टेंब्यांचं. तिथून पुढं भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये तो जाळला गेला, भालजींनी तो पुन्हा उभा केला, आणि पुढं तो लता मंगेशकरांच्या मालकीचा झाला. हा बाहेरूनच बघायचा आहे. लताबाई मास्टर विनायकांच्या चित्रपट कंपनीत कामाला लागल्या त्या कोवळ्या वयात, आणि कंपनी १९४५ मध्ये मुंबईला जाईपर्यंत त्या इथं होत्या. सुधीर फडक्यांचा जन्म कोल्हापूरचा, १९१९ चा. जगदीश खेबुडकरांनी आयुष्याचा मोठा काळ इथं काढला. घरी रेडिओवर जी गाणी लागायची, त्यांचा एवढा मोठा हिस्सा एका लहान शहरातून आला हे चालताना लक्षात येतं.

संध्याकाळी चप्पल लाइनला जा. खरेदीचं पुढं सांगते, पण चप्पल पहिल्याच दिवशी घ्यायची, हे इथंच नोंदवून ठेवा.

शुक्रवार: दर्शन, संग्रहालयं आणि पालखी

पहाटे उठा. अंबाबाईचं देऊळ उजाडायच्या आत उघडतं आणि तेव्हा रांग लहान असते. अंगभर कपडे घाला, चपला खोलीवरच ठेवून या. दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका, देवळाला बाहेरून एक पूर्ण फेरी घाला. बाहेरच्या भिंतींवर वाद्यं वाजवणाऱ्या आणि नाचणाऱ्या मूर्ती कोरलेल्या आहेत. मुलांना सांगा, कोणाच्या हातात कोणतं वाद्य ते शोधा. अर्धा तास सहज जातो.

नंतर टाऊन हॉल. १८७० च्या दशकातली, टोकदार कमानींची काळ्या दगडाची इमारत, भोवती बाग. लोक याला फाटा देतात, आणि माझ्या मते कोल्हापुरात सगळ्यात जास्त चुकवली जाणारी जागा हीच. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती इथं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या बाजूचा माल पंचगंगेकाठी येत होता याचा हा हातात मावणारा पुरावा. वर आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. रंकाळ्याच्या काठी तासन् तास बसून त्यांनी तिथला उजेड रंगवला. ती चित्रं नीट बघून ठेवा, संध्याकाळी उपयोगी पडतील.

नवा राजवाडा (१८७७–१८८४) दीड तासात होतो. दरबार हॉलमधल्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत, तिथं थांबा. शिकारीच्या दालनातून मी तरी भरभर निघते.

जेवणाचं फार सांगत नाही, ते तुम्ही माझ्याआधीच शोधलं असेल. एवढंच सांगते: पांढरा रस्सा आधी गरम-गरम वाटीनं प्यायचा, तांबडा भाकरीबरोबर, आणि दुसऱ्यांदा वाढायला विचारायला लाजायचं नाही.

उन्हं उतरली की रंकाळा. चौपाटीच्या गर्दीतून थोडं पुढं, शालिनी पॅलेसच्या बाजूला चालत जा आणि सकाळी पाहिलेली आबालालांची चित्रं आठवा. पाणी तेच आहे. तिथून गंगावेशीत दूध कट्ट्यावर या. समोर म्हैस पिळतात आणि फेसाळ धारोष्ण दूध ग्लासात देतात. ज्यांना कच्चं दूध सोसत नाही त्यांनी आणि लहान मुलांनी ते पिऊ नये, नुसतं बघावं.

रात्री पुन्हा देवळात, पालखीसाठी. दिव्यांच्या उजेडात, वाद्यांच्या गजरात पालखी देवळाभोवती फिरते. सकाळी ज्या दगडी वादकांना मोजलं, त्यांच्यासमोरून खरे वादक चालत जातात. भाचीनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

पन्हाळा कुठं गेला, असं विचाराल. तो वीस किलोमीटरवर आहे आणि त्याला पूर्ण दिवस द्यायला हवा. तीन दिवसांत तो कोंबला की गड धड पाहून होत नाही, गावही राहून जातं. त्यासाठी पुन्हा या.

खरेदी: काय, कधी, कसं

चप्पल, म्हणजे आमच्या भाषेत पायताण. पहिल्या दिवशी घ्यायचं कारण असं की दुसऱ्या दिवशी ती तासभर घालून बघता येते, आणि अंगठा किंवा पट्टा लागत असेल तर दुकानात परत नेऊन सैल करून घेता येते. घरी गेल्यावर कुठं करणार?

अस्सल ओळखायची तर आधी नाकानं. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या चामड्याला मातकट, उग्र वास असतो. रेक्झिनला रसायनाचा येतो. मग उलटी करून तळ बघा. शिवण चामड्याच्या वादीची असते, खिळा नसतो. दोन्ही पाय अगदी यंत्रासारखे एकसारखे नसतात, कारण ते हातानं कापलेले असतात. कान, वेणी, गोंडा यांना हात लावून बघा, ओढल्यावर चिकटपट्टीसारखे उचलले जातात का. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी. म्हणून 'ही कोल्हापूरची नाही, कर्नाटकातली आहे' एवढ्यावरून ती नकली ठरत नाही. अथणी, निपाणीकडचे कारागीर पिढ्यान् पिढ्या हेच काम करतात.

माप घट्ट घ्या. ताईनं पायाला आराम वाटला म्हणून एक नंबर मोठी घेतली, मी सांगूनही. दोन महिन्यांत ती इतकी सैल झाली की पायऱ्या उतरताना निसटते. चामडं पायाबरोबर वाढतं, तेव्हा पहिल्या दिवशी थोडी आवळणारीच बरोबर. पट्ट्याला आतून खोबरेल तेलाचा हलका हात द्या, आठवडाभर घरात तासभर घाला. भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात नाही.

साज बघायला गुजरीत जा, महाद्वार रोडला लागूनच आहे. कोल्हापुरी साजाला परंपरेनं एकवीस पानं मानतात: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, माणिक आणि पाचूची दोन, आणि मधलं डोरलं. मध्ये जवमणी. सोन्याचा साज लाखेवर घडवतात, म्हणून वजन विचारताना 'सोनं किती आणि लाख किती' हे वेगळं लिहून घ्या, आणि मोडताना काय धरणार तेही आधीच विचारा. हा प्रश्न न विचारता घेतलेल्या साजावरून आमच्या नात्यात वर्षभर धुसफूस चालली होती. गुरुवारी नुसते नमुने बघून या, शुक्रवारी ठरवा. बजेट नसेल तर महाद्वार रोडवर चांदीवर मुलामा दिलेले आणि साधे नकली साजही सुरेख मिळतात. चांदीचे पैंजण हुपरीचे मागा.

गूळ सगळ्यात शेवटी, कारण ओझं. पिवळाधमक, चकचकीत गूळ बघून हुरळू नका, तो रंग बऱ्याचदा रसायनानं आणलेला असतो. तपकिरी, जरा काळपट दिसणारा घ्या आणि तुकडा चाखून बघा. खारट लागला तर पुढच्या दुकानात जा. अख्खा रवा, म्हणजे गुळाची मोठी ढेप, नेणं शक्य नसतं, लहान ढेपा किंवा काकवीची बाटली पुरे. कांदा-लसूण चटणी मात्र कुणा ओळखीच्या घरची, डंकावर कांडलेली मिळाली तर सोडू नका. प्रवासात तीन पिशव्यांत घाला, तेल सुटतं.

शनिवार: मिरज

मिरज कोल्हापूरहून रेल्वेनं साधारण तासाभरावर आणि पुण्या-मुंबईच्या वाटेवरच आहे. म्हणून परतीचं तिकीट कोल्हापूरऐवजी मिरजेहून काढा, सकाळीच खोली सोडा आणि दिवस तिथं घालवा. स्वतःची गाडी असेल तर नृसिंहवाडी आणि खिद्रापूर करून जा. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात छत नसलेला गोल स्वर्गमंडप आहे, तिथं मधोमध उभं राहून हळू आवाजात सा लावून बघा. वाटेवरचं कुरुंदवाड हे थोर गवई विष्णु दिगंबर पलुस्करांचं जन्मगाव.

मिरजेत दोनच ठिकाणं. पहिलं ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा. किराना घराण्याचे गवई अब्दुल करीमखाँ इथं दफन आहेत. १९३७ मध्ये ते गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात संगीत सभा होते. उरूस चांद्र महिन्यावर असल्यानं तारीख दर वर्षी मागं सरकते. ती साधून आलात तर बेताचा कळस झाला.

दुसरं, जवळचीच सतारमेकर गल्ली. एकोणिसाव्या शतकापासून इथं तंतुवाद्यं घडतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे छताला टांगलेले दिसतील. तानपुरा घ्यायचा असेल तर गाणाऱ्या माणसाला सोबत न्या आणि पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ स्वर, आधी सांगा, कारण काळी एकचा आणि काळी पाचचा तानपुरा वेगळा असतो. आकार आणि तारा दोन्ही बदलतात. जवारी, म्हणजे तारेला घुमारा देणारी घोडीची घासणी, समोर बसून लावून घ्या, घाई करू नका. तार छेडून डोळे मिटा. आवाज उठून रेंगाळतो की लगेच विझतो, ते ऐका. नक्षी आणि पॉलिशवर किंमत चढते, आवाजावर तिचा परिणाम नसतो. आमच्या भाचीनं साधा, बिननक्षीचा निवडला.

घ्यायचा नसेल तरी जा. कारागिराला आधी विचारा, कामात नसतील तर ते आनंदानं दाखवतात.

निघताना एवढं करा. तारा सैल करून घ्या, घोडीखाली कापड सरकवून घ्या, भोपळ्याभोवती जुनी चादर गुंडाळून मग खोळ चढवा. रेल्वेत सगळ्यात वरच्या बर्थवर आडवा ठेवा आणि भोपळ्याची बाजू भिंतीकडं करा. त्या बर्थवर कुणी झोपायचं नाही, तेव्हा तिकीट एक जास्त काढा. घरी पोचल्यावर दोन दिवस तसाच राहू द्या, मग सावकाश, एकेक करून तारा चढवा.